वीस हजार किलोमीटरचे प्लग

छगन मिस्त्रीने एअर फिल्टरचं झाकण उघडलं, आतली कागदी घडी ओढून काढली आणि टायरवर जोरात आपटली. लाल भुकटीचा असा लोट उठला की आधी छगन शिंकला, मग रुपचंद नाना शिंकले, आणि रस्त्यापलीकडून चहावाला ओरडला, "छगन, गिऱ्हाईकेसले मारतस का रे?"

"हाई देखा, नाना." छगनने ती घडी नानांच्या नाकासमोर धरली. "हाऊ फिल्टर शे का मिरचीना डबा? गाडी श्वास कथाईन लेई?"

दोंडाईच्यात यात नवल काही नाही. मिरचीच्या दिवसांत गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लाल पसरलेली असतात. वारा सुटला की ते तिखट माणसांच्या डोळ्यांत आणि गाड्यांच्या पोटात सारखंच जातं. पण नानांची सतरा वर्षांची पांढरी मारुती नुसती शिंकत नव्हती. ती मंगळवारी सोनगीरच्या अलीकडे तीनदा झटके खाऊन बंद पडली होती. आणि आत बेबाबाई बसलेली होती.

बेबाबाई म्हणजे नानांची बायको. दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला धुळ्याला न्यायचं, जाऊन-येऊन एकशे पंधरा किलोमीटर. मंगळवारी पोचायला दीड तास उशीर झाला तेव्हा सेंटरवरची दिपमाला सिस्टर घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, तुमची वेळ अकराची होती. आता तीनच्या पेशंटला मी काय सांगू? अडीच तास लावते, तेवढ्यावर भागवा." चार तासांचं काम अडीच तासांत आटोपलं. बुधवारी सकाळी बेबाबाईचे पाय सुजून चप्पल चढेना, आणि ओट्याच्या दोन पायऱ्या उतरताना तिला धाप लागली.

म्हणून बुधवारी तिचं रक्त तपासायला देऊन नाना तसेच परस्पर छगनच्या गॅरेजला आले. बेबाबाईला उतर-चढ नको म्हणून ती गाडीतच बसून राहिली, काच खाली करून. छगनने बॉनेट वर केलं. एकदा बॉनेट वर झालं की समोर उभ्या असलेल्याला गाडीत बसलेलं माणूस दिसत नाही. बसलेल्याला मात्र सगळं ऐकू येतं.

नाना वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. बायकोची औषधं ते घड्याळ लावून देत. मीठ किती, पाणी किती, सगळं त्यांच्या बोटांवर. गावातल्या बाया आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, जरा नानांकडे बघून शिका म्हणून.

पण माणूस तीस वर्षं जे करतो ते त्याच्या हाडात मुरतं. नाना जळगावला केळीचे ट्रक चालवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये स्टोअरकीपर होते. राहायला पिंप्राळ्याला. स्टोअरची किल्ली त्यांच्या कमरेला आणि पेन्सिल कानावर. ड्रायव्हर यायचा, हातापाया पडायचा, "नाना, क्लच प्लेट द्या हो, दिल्लीची ट्रिप आहे, माल सडेल." नाना ढिम्म. ते तीनच गोष्टी विचारायचे. गाडी किती चालली, अजून किती चालणार, आणि हा पार्ट किती चालतो? पेन्सिलीने तिथेच खोक्यावर आकडे मांडायचे. पार्ट गाडीपेक्षा जास्त टिकणारा निघाला की द्यायचा नाही. जी गाडी भंगारात जाणार तिला जुनंच काहीतरी ठोकून बसवायचं. हा नियम कुणी त्यांना लिहून दिलेला नव्हता, त्यांनी स्वतःच काढला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. रोज जेवताना ते बेबाबाईला सांगायचे, आज अमुक गाडीला असं परतवलं, तमुक ड्रायव्हर असा रडला. ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, "द्यायनी व्हती हो त्या गाडीले एक प्लेट. मराले टेकनी म्हनीसन काय झायं?" नाना हसायचे. बायकांना स्टोअर कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

छगनने चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. काळेठिक्कर.

"प्लग गयात. वायरी फुटी गयात, तठेच करंट मरस. कॉईल बी थकनी," तो म्हणाला. "आते दोन रस्ता शेत, नाना. एक, साधा प्लग, साध्या वायरी, कागदना फिल्टर. गाडी मस्त चाली. दुसरा, भारीना प्लग, इरिडियमना. लाख किलोमीटर देखानं काम नही. नवी कॉईल, आनि धुवाना फिल्टर. धुवा, वाळाडा, परत टाका. गाडी इकाय जाई, पन फिल्टर तोच राही."

"साधा कितला चालतस?"

"ईस हजार किलोमीटर. पन तुम्ही माले एक सांगा." छगनने हात पुसले. हा प्रश्न तो येईल त्याला विचारायचा, त्यात त्याच्या मनात काही नव्हतं. "गाडी आजून कितला दिन वापरनी शे?"

झालं. नानांचा हात आपोआप कानाकडे गेला. पेन्सिल अजूनही तिथेच असायची.

त्यांनी प्लगचं रिकामं खोकं उचललं. पैशांचा प्रश्नच नव्हता. मुलगा हितेंद्र पुण्याला चांगल्या नोकरीत होता आणि त्याने कालच फोनवर सांगितलं होतं, आबा, काय लागेल ते टाका, बिल मला पाठवा. प्रश्न फक्त आकड्यांचा होता, आणि आकडे समोर आले की नानांना दुसरं काही दिसत नसे.

"आठवडाना दोन खेपा," ते मोठ्याने म्हणू लागले. स्टोअरमध्ये म्हणायचे तसंच. "खेपले एकशे पंधरा. महिनाना झायात हजार. वरीसना बारा हजार." पेन्सिल क्षणभर थांबली. महिन्यापूर्वी धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरने त्यांना एकट्याला पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं होतं की बाईंचं हृदय दमलंय, एक वर्ष धरून चाला, नीट सांभाळलं तर दीड. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, ना मुलाला, ना बायकोला. पोटात ठेवून ठेवून त्याची धार गेली होती आणि आता तो नुसता एक आकडा उरला होता. त्यांनी तो मांडला. "दीड वरीसना अठरा हजार. साधा प्लग ईस हजार चालतस. मंग साधाच टाक, छगन. दोन हजार वर उरी जातीन. तेना पुढे गाडी कोनले लागनी शे?"

छगनच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने मान वाकडी करून बॉनेटच्या बाजूने आत पाहिलं आणि पटकन डोळे वळवले.

"नाना..." तो हळू आवाजात म्हणाला.

"काय नाना नाना? टाक म्हंतं ना साधा."

छगनने टाकले. कागदी फिल्टर, साध्या वायरी, साधे प्लग. तासाभराने त्याने बॉनेट खाली घेतलं आणि धाडकन बंद केलं. समोरच्या काचेमागे बेबाबाई बसलेली होती. तपासणीचा कागद मांडीवर, नजर सरळ समोर, नानांवर. नाना तिच्याकडे पाहून हसले, गाडी दुरुस्त झाल्यावर माणूस हसतो तसे. ती हसली नाही. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की दाराची काच खाली आहे.

गाडी छान चालत होती. मार्केटचा चढ तिने दुसऱ्या गियरमध्ये सहज घेतला. बेबाबाई बाहेर पाहत होती. मग तिने साध्या आवाजात विचारलं, "ईस हजार म्हनजे कितल्या खेपा?"

"एकशे चौऱ्याहत्तर," नाना म्हणाले. जिभेला आवर नव्हताच. भागाकार तोंडी करता येतो याचं कौतुक त्यांना साठीनंतरही होतं, आणि त्या कौतुकात ते पुढचंही बोलून गेले, "शेवटलीले दहा किलोमीटर कमी पडतीन."

"मंग तितलं पायी जासू," बेबाबाई म्हणाली.

नानांनी गाडी बाजूला घ्यायला हवी होती, काहीतरी बोलायला हवं होतं. पण घर आलं होतं आणि गाडी अंगणात लावताना मागे बघावं लागतं, म्हणून ते मागे बघत राहिले.

संध्याकाळी तिने चहा करून दिला. स्वतः घेतला नाही, तिचं पाणी मोजून असायचं. समोर पाटावर बसून तिने विचारलं, "डॉक्टर काय बोलना व्हता? माले काब्र सांगं नही?"

"काय नही. खानंपिनं सांभाळा म्हने."

"पेन्सिल लेतांना तं दीड वरीस म्हनेत तुम्ही."

नानांनी कप खाली ठेवला. "सांगीसन काय करतू मी, बेबा?"

"छगनले सांगं," ती म्हणाली. "छगनले मालूम पडनं, त्या चहावालाले बी मालूम पडनं व्हई. फक्त माले नही."

नानांना स्वतःच्या जिभेची किळस आली. त्यांनी अख्खी हयात कुणाचा पार्ट नाकारताना लाज बाळगली नव्हती. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, तेव्हा त्यांना वाटायचं, द्या, मी बरोबर आहे. आज बायकोने शिवीसुद्धा दिली नाही. ती उठली, कप विसळून ठेवला, आणि सुजलेले पाय उशीवर घेऊन आडवी झाली. हिशेब बरोबर होता हेच सगळ्यात वाईट होतं. त्यात एकाही किलोमीटरची चूक नव्हती.

गुरुवारी छगनने शटर उघडलं तेव्हा नाना बाहेर उभेच होते.

"भारीना टाक," ते म्हणाले. "लाखवाला. कॉईल बी नवी टाक. आनि तो धुवाना फिल्टर."

"आनि कालना प्लग? दहा किलोमीटर बी चालनात नही ते."

"तुले ठेव. फेकी दे. काय करनं ते कर."

छगनने लगेच बॉनेट वर केलं. दुपारपर्यंत काम झालं. नानांनी गाडी चिमठाणे रस्त्याला काढली आणि खरोखर, सतरा वर्षांची ती गाडी अशी पळाली की नाना एकटेच बसून हसले. झटका नाही, आवाज नाही. पाय ठेवला की ओढ. आता घरी जायचं आणि सांगायचं, बघ, मी काल मूर्खासारखं बोललो, आज लाखाचे प्लग टाकले, आता बोल. त्यांना वाटलं, इतकं केलं की मिटेल. तीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला असंच वाटणार. पार्ट बदलला की दोष गेला.

बेबाबाई ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती.

"बेबा, लाखना प्लग टाकी उनू," नाना गाडीतून उतरता उतरताच म्हणाले. "नवी कॉईल, नवा फिल्टर. बठ्ठं नवं. आते बोल."

तिने हातातला खडा बाजूला टाकला. "लाख म्हनजे कितल्या खेपा?"

नाना सावध झाले. या वेळी त्यांनी जीभ दाताखाली धरली.

"तुमले येस," ती म्हणाली. "सांगा ना."

"आठशे... साडेआठशेपर."

"वरीसन्या शंभर. म्हनजे आठ-साडेआठ वरीस." तिनेही तोंडीच केलं. नवऱ्याचे आकडे तीस वर्षं ऐकून तिला सगळं येत होतं, कुणी कधी विचारलं नव्हतं इतकंच. "माले दीड वरीस. मंग बाकीना सात वरीस तुम्ही कोठे हिंडश्यात?"

"काय बोलस तू! मी तुनासाठे टाकात ना!"

"कालना बी मनासाठेच व्हतात," बेबाबाई म्हणाली.

नाना ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांना रडू येत होतं आणि रडायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाज चढला. "चुकनू म्हंतं ना मी! माणूस चुकस नही का? आते साधा टाका तरी मी वाईट, भारीना टाका तरी मी वाईट. मी करू तं काय करू?"

"आते काय बी करानं नही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच नानांना सहन होईना. "काल तुम्ही इचार न करता बोलनात. आज इचार करीसन उनात. माले कालनंच खरं वाटनं." आणि तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला नानांनी किल्ली फिरवली. अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. त्यांनी पुढचं दार उघडून ठेवलं, सीटवरची धूळ हाताने झटकली, पाठीला लावायची उशी ठेवली. मग घरात गेले. बेबाबाई घरात नव्हती. खुंटीवरची पिशवी नव्हती, फाईल नव्हती, चपला नव्हत्या. सूज थोडी उतरली असावी.

शेजारची भिकुबाई दारातच उभी होती. "अक्का तं तुम्ही आंघोळले गयात तव्हयच गयी," ती म्हणाली. "माले रिक्षा बलावाले लायी. स्टँडवर जास म्हने."

"एकटी?"

"मी म्हंतं, नाना नही का येत? तं म्हने, नाना कामामां शेत."

नाना स्टँडवर पोचले तेव्हा धुळ्याची बस सुटलेली होती. ज्या बाईला दोन पायऱ्या उतरताना धाप लागते ती त्या बसच्या उंच पायऱ्या कशी चढली असेल, कुणी हात दिला असेल, हात कुठला धरला असेल? डाव्या हाताला तर सुया टोचून टोचून गाठी आलेल्या, तो कुणी ओढला म्हणजे? नानांनी ॲक्सिलरेटर दाबला. नवे प्लग, नवी कॉईल. गाडीने बसला चिमठाण्यात गाठलं.

बस थांब्यावर उभी होती. बेबाबाई शेवटून दुसऱ्या खिडकीत बसलेली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. नाना गाडी तशीच चालू ठेवून धावत गेले आणि खिडकीखालच्या पत्र्यावर हाताने थापा मारल्या.

"बेबा! उतर. हात जोडस तुले. गाडी शे ना आपली."

तिने खाली पाहिलं. घामाने तिच्या कपाळावर केस चिकटले होते. खिडकीच्या दांडीवर तिचा उजवा हात होता. नानांनी तो धरला. तिने सोडवला नाही, पण धरलाही नाही.

"तुम्ही घर जा," ती म्हणाली. "मी दीडशे खेपा करसू नही तं दोनशे करसू, ते मी देखी लेसू. पन ज्या गाडीमां मन्या खेपा मोजेल शेत, तिन्हामां मी बशाव नही."

"मी आते मोजाव नही, बेबा. तुनी शपथ."

"मोजश्यात," ती म्हणाली. "तुमले दुसरं येस काय?"

बसमधली माणसं वाकून बघू लागली होती. कंडक्टर मुलगी तिकीट मशीन हातात घेऊन मागे आली. तिने खिडकीतून नानांना पाहिलं, त्यांच्यामागे चालू असलेली, पुढचं दार उघडं राहिलेली गाडी पाहिली.

"मावशी, हे कोण? तुमच्यातले आहेत का?"

बेबाबाईने हात आत ओढून घेतला.

"नही वं माय," ती म्हणाली. "गाडीवाला शे. सवारी देखी राहिना."

"ओ काका, बसमधल्या पॅसेंजरला कशाला त्रास देता? सरका मागे!" कंडक्टर ओरडली आणि तिने घंटी दिली. दोन पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, बघा, आजकाल हे प्रायव्हेटवाले बसमधून पण माणसं पळवायला लागले. बस हलली.

नाना गाडीत येऊन बसले. दार लावलं. सीटवरची उशी घसरून खाली पडली होती, ती त्यांनी उचलून परत ठेवली. मग गियर टाकला आणि बसच्या मागे निघाले.

रस्ता मोकळा होता. ती बस जुनी, चाळीसच्या वर जाईना, चढावर काळा धूर सोडत होती. नानांची गाडी ओढ घेत होती. पाय जरा टेकवला असता तर त्यांनी बसला मिनिटभरात मागे टाकलं असतं, धुळ्याला अर्धा तास आधी पोचले असते, सेंटरच्या दारात जाऊन उभे राहिले असते. ते तिसऱ्या गियरमध्येच राहिले. बस जिथे थांबली तिथे ते थांबले, बस निघाली की निघाले. बसच्या मागच्या काचेत त्यांना बेबाबाईचा पदर दिसत होता.

सोनगीरला बस भरली. आत जागा न मिळालेला एक माणूस पिशव्या सावरत मागे आला, नानांच्या काचेवर टकटक करून वाकला आणि म्हणाला, "धुळे का? कितला लेशात?"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बसकडे पाहिलं. ती निघत होती.

"बसा," ते म्हणाले, आणि बाजूच्या सीटवरची उशी उचलून मागे टाकली.